दगडी वाड्यात वायफाय लावायचं म्हणजे

राउटर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, घर किती बीएचके? आता ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्याचे बीएचके काय सांगायचे. ओटी आहे, चौक आहे, चौकाच्या तिन्ही बाजूंना खोल्या आहेत, आत माजघर, वर माडी, मधल्या भिंती दोन-दोन फुटी दगड-चुन्याच्या आणि वर छताला दगडाच्या पटिया. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, त्या लष्कराचंच पुढे गाव झालं आणि त्या गावात ही घरं उभी राहिली, ती उन्हाळा बाहेर ठेवायच्या हिशोबाने. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा असताना आमच्या माजघरात नुसत्या पंख्यावर भागतं ते त्या भिंतींमुळेच, त्यामुळे भिंतींबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार ही आहे की राउटर बनवणारे, विकणारे आणि नेट देणारे, या तिघांपैकी एकालाही तुमच्या घराला भिंती आहेत हे धरून बोलायचंच नसतं.

हे सगळं लिहून काढायचं कारण म्हणजे नात्यातले, ओळखीतले इतके जण ‘कुठला राउटर घेऊ गं’ विचारतात की प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. आमच्याकडे नेटवर तिघांचं काम चालतं. मी पुण्याच्या एका फर्मचे अकाउंट्स घरून बघते, दिवसभर रिमोट डेस्कटॉपवर असते. दादाचं दुकानाचं बिलिंग ओटीलगतच्या खोलीत. आणि माडीवर आत्या गाणं शिकवते, अस्सल ग्वाल्हेरचं गाणं, तिच्या विद्यार्थ्यांतले निम्मे आता ऑनलाइन आहेत, पुणे, बंगलोर, दोघीजणी तर अमेरिकेतल्या, त्यांच्यासाठी ती सकाळी अंधारात उठून बसते. तिचं नेट मध्येच अडकलं की पलीकडच्या मुलीला सम कुठे आली तेच ऐकू येत नाही, आत्या ताना पुन्हा घेते, परत अडकतं, आणि पाऊण तासाच्या क्लासमधली वीस मिनिटं ‘आता येतंय का ऐकू’ यातच जातात. त्या मुलीने पैसे भरलेत, आत्याने घसा लावलाय, आणि हे सगळं कुठल्यातरी सेटिंगपायी वाया जावं याचा मला फार राग येतो.

तर आधी तो खोक्यावरचा आकडा. एसी१२००, एएक्स१५००, एएक्स३००० असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि दुकानदार पण तोच वाचून दाखवतो. एएक्स३००० म्हटलं की कोणालाही वाटेल ३००० एमबीपीएस मिळणार. पण ती दोन वेगवेगळ्या बँडची, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यांची, बेरीज असते, २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२, झाले २९७६, ते पुढे ओढून ३०००. आपला फोन किंवा लॅपटॉप साधारण एका वेळी एकाच बँडवर असतो, दोन्हीची बेरीज त्याच्या वाट्याला येतच नाही. त्यात ते २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल लागतं, बऱ्याच फोनना ते जमत नाही, ते ८० वर चालतात, म्हणजे उरले १२०१, आणि हेही कागदावर, राउटरच्या समोर बसून. खरं हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडलं तरी खूप म्हणायचं. एसी१२०० चं पण तसंच, ३०० अधिक ८६७. आणि एवढं करून घरात येणारा प्लॅन असतो १०० चा नाहीतर २०० चा! म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण जास्तीचे दोन-तीन हजार मोजतो तो आकडा आपल्या घरात कधी लागतच नाही.

जो आकडा खरंच लागतो तो खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो, पोर्टचा, म्हणजे वायर लावायच्या जागेचा. १०/१०० लिहिलंय की १०/१००/१०००, म्हणजे गिगाबिट, लिहिलंय एवढंच बघायचं. स्वस्तातले कितीतरी एसी१२०० राउटर असे आहेत की वायफायच्या बाजूने बाराशेची जाहिरात आणि मागच्या पोर्टला फक्त १००, म्हणजे नेट आत येतानाच शंभराच्या नळीतून येतं, पुढे वायफाय कितीही वेगवान असो. मी सिटी सेंटरला दुकानात हे विचारलं तेव्हा तिथल्या मुलाने खोकं उलटून बघितलं, त्याला स्वतःला माहीत नव्हतं. त्याचा दोष नाही, त्याला कोणी कधी विचारलंच नसेल. पण तुम्ही विचारा. विचारूनच घ्या.

वायफाय ६ की ७, म्हणजे वायफायची कुठली पिढी घ्यायची, हा दुसरा प्रश्न. वायफाय ७ चं सर्टिफिकेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून दुकानात तेच पुढे करतात. माझं मत स्पष्ट आहे, साध्या घराला वायफाय ६ पुरून उरतं, आणि जुन्या भिंतींच्या घराला तर एक महागडा राउटर घेण्यापेक्षा त्याच पैशात दोन साधे, गिगाबिट पोर्टवाले घेणं कधीही चांगलं. घरात एकाच वेळी बरीच उपकरणं चालू असतील तर वायफाय ६ चा फायदा आहे, तो एकाच वेळी अनेकांना वाटून देऊ शकतो, म्हणून ५ वर थांबू नका. बस, त्यापलीकडे मी जाणार नाही.

आता भिंत. फोनवर फुकटचं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप टाकून घ्या, त्यात सिग्नल उण्यात दिसतो, उणे ४० म्हणजे उत्तम, उणे ७० च्या खाली गेलं की व्हिडिओ कॉलचं काही खरं नाही. यात हिशोब असा असतो की ३ डेसिबल कमी झाले की ताकद निम्मी, १० कमी झाले की दहावा हिस्सा, २० कमी झाले की शंभरावा. आमच्या ओटीत राउटरजवळ उणे ३८ यायचे आणि तोच फोन घेऊन भिंतीच्या पलीकडे माजघरात गेलं की ५ गिगाहर्ट्झवर उणे ७४. एक भिंत! दरवाजा उघडा ठेवला की जरा बरं, लोटला की संपलं. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त पार जातं हे खरंय पण लष्करात घराला घर चिकटलेलं, गल्लीतल्या सगळ्यांचे राउटर त्याच बँडवर, आणि तिथे एकमेकांत न घुसणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. रात्री नऊला आमच्या माडीवरून बघितलं तर ही एवढी मोठी यादी दिसते नावांची, त्यात शेजारच्यांची, समोरच्या डॉक्टरांची, खालच्या शिलाईवाल्याची. ५ ला जागा भरपूर आहे, आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये तो बँड बिनपरवाना वापरासाठी बराच खुला केला, पण ५ ला दगड सोसत नाही.

इथे हमखास कोणीतरी सांगतं की मग जास्त अँटेनावाला घ्या, सहा अँटेना, लाँग रेंज वगैरे. यात जी गोष्ट कोणी सांगत नाही ती ही की बोलणं दोन्हीकडून असतं. राउटरने कितीही जोरात ओरडून सांगितलं तरी फोनला उत्तर द्यावंच लागतं आणि फोनचा आवाज तेवढाच, त्याची बॅटरी ती केवढी, अँटेना ती केवढी. म्हणून मग असं होतं की फोनवर तीन काड्या दिसतात आणि पान काही उघडत नाही, कारण राउटरचं फोनला ऐकू येतंय आणि फोनचं राउटरला येत नाहीये. आत्याच्या बाबतीत तर नेमकं हेच, कारण तिला पाठवायचं जास्त असतं, घ्यायचं कमी.

रिपीटरचं, म्हणजे आलेला सिग्नल पुढे देणाऱ्या डब्याचं, पण तेच. रिपीटर लावायचा कुठे, तर जिथे सिग्नल येत नाही तिथे लोक लावतात, आणि जिथे सिग्नलच नाही तिथे तो बिचारा रिपीट काय करणार. मध्यावर लावला तर चालतो पण त्याच रेडिओवरून घ्यायचं आणि त्याच रेडिओवरून पुढे द्यायचं म्हटल्यावर वेग साधारण निम्मा होतो. मेशचे, म्हणजे एकच वायफाय मिळून पसरवणाऱ्या डब्यांचे, तीन-तीनचे पॅक मिळतात, महाग असतात, चांगलेही असतात, पण ते तीन डबे एकमेकांशी वायफायनेच बोलणार असतील तर मध्ये तीच भिंत आहे ना. वायर लावून जोडलेत तर मेश झकास चालतं. म्हणजे शेवटी गोष्ट वायरवरच येते, आणि हे मी अगदी मनापासून सांगते, दगडी घरात वायफाय पाहिजे असेल तर आधी वायर टाका. भिंत वायरने ओलांडायची आणि प्रत्येक खोलीसमूहाला त्याचा आपला छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने आलेलं नेट वायफायवर देणारा डबा, द्यायचा. दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही.

वायर म्हटलं की घरातली मोठी माणसं घाबरतात. आत्याने मला खालूनच बजावलं, “भिंतीला भोक पाडायचं नाही हं, सांगून ठेवते, आजोबांनी एक खिळा ठोकू दिला नाही कधी.” मी म्हटलं, नाही गं आत्या, झरोक्यातून नेते. आणि खरंच जुन्या घरांत वायरला वाट असते, ती शोधावी लागते. आमच्या माजघराच्या दारावर हवेसाठी झरोका आहे, त्यातून पूर्वीच्या डिशची केबल गेलेली होती, तिच्या शेजारून इथरनेटची वायर आरामात गेली, तिथून जिन्याच्या कडेने वर माडीवर. दगडाला ड्रिल लावावंच लागलं नाही. जुन्या घरात असे झरोके, मोरीची भोकं, बंद केलेल्या चुलीचं धुराडं काही ना काही असतंच, आधी टॉर्च घेऊन घरभर फिरा.

वायर मात्र बघून घ्या. बाजारात कॅट ६ म्हणून जी स्वस्त वायर मिळते तिच्यातल्या बऱ्याचशा वायरी आतून ॲल्युमिनियमच्या असतात, वरून तांब्याचा मुलामा. ओळखायची सोपी रीत आहे, एक तार सोलून ब्लेडने हळूच खरवडायची, आतून चंदेरी निघाली की ॲल्युमिनियम. अशी तार दोन-चारदा वाकवली की तुटते आणि पिनमध्ये नीट बसत नाही. दुकानदाराच्या समोर खरवडून बघा, त्याला राग येऊ दे.

आमच्या वायरची एक गंमत सांगते कारण ही भानगड खूप घरांत असते. ओटीतून दुकानाच्या खोलीत जाणारी वायर आधीपासून होती, सीसीटीव्ही लावणाऱ्याने टाकलेली. प्लॅन २०० चा, राउटर गिगाबिटचा, आणि तिथे स्पीड टेस्ट केली की दरवेळी ९४. सकाळी ९४, रात्री ९४. वायफायचा स्पीड असा कधी एका जागी टिकत नाही, तो वरखाली होत राहतो, हा ९४ जो असतो ना तो शंभराच्या लिंकचा ठसा असतो, शंभरातून मधला खर्च वजा जाऊन साधारण तेवढाच उरतो. म्हणून वायरीचं टोक काढून उजेडात धरलं. इथरनेटच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० च्या लिंकला त्यातल्या चारच लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनवरच्या, गिगाबिटला आठच्या आठ लागतात. आमच्या त्या पारदर्शक प्लगमध्ये तपकिरी जोडी पिनपर्यंत पोचलेलीच नव्हती, अर्धा सेंटिमीटर मागे राहिलेली दिसत होती सरळ. आठातल्या दोन तारा नाहीत म्हटल्यावर दोन्हीकडची यंत्रं आपापसात १०० वर तडजोड करतात आणि कुठेही लाल दिवा लागत नाही, काही एरर येत नाही, सगळं चालूच असतं. कॅमेऱ्याला शंभर पुरतात म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही इतकी वर्षं. नयाबाजारातून एका मुलाला बोलावलं, त्याने टोक कापलं, तारा रंगाने लावल्या, नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, नवा प्लग दाबला, टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले आणि लगेच स्पीड दोनशेच्या जवळ. एवढ्याशा प्लगसाठी लोक नवीन राउटर घेतात, नवीन प्लॅन घेतात. तुमच्याकडे ९४-९५ वर काटा अडकत असेल तर आधी वायर आणि पोर्ट बघा. नेट कंपनी बसवते त्या फायबरच्या डब्याचे सगळे लॅन पोर्ट पण सारखे नसतात बरं का, पुष्कळ डब्यांना एकच गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १०० चे, गिगाबिटच्यावर जीई आणि १०० च्यावर एफई लिहिलेलं असतं, वाचून लावा.

आता सेटअप. अ‍ॅप डाउनलोड करा, मग अकाउंट उघडा, मग लोकेशनची परवानगी द्या, माझ्या घरातला डबा चालू करायला माझं लोकेशन कशाला हवंय ते मला अजून कळलेलं नाही, अ‍ॅपशिवाय सेट करता येत असेल तर तसंच करा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून. पण तेही पान उघडत नाही कारण नव्या राउटरला अजून नेट नाही, फोनला वाटतं हे वायफाय बिनकामाचं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो, पान फिरत राहतं. मोबाइल डेटा बंद करून बघा, उघडेल. मग उघडतं ते नेमकं फायबरच्या डब्याचं, कारण दोघांचाही पत्ता तोच १९२.१६८.१.१! एकाच घरात दोघांचा एक पत्ता चालत नाही, एकाला १९२.१६८.२.१ वगैरे करून टाकावं लागतं. मग दोन्ही बँडचं नाव एकच ठेवायची सोय असते, ती चालू केली की दादाचा बिलाचा प्रिंटर जोडला जाईना, कारण त्याला फक्त २.४ कळतं. सुरक्षेला नुसती नवी डब्ल्यूपीए३ पद्धत ठेवली की जुनी उपकरणं हात वर करतात, तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवायचं. ह्यातली एकही गोष्ट अवघड नाहीये, पण एकही गोष्ट त्या चारपानी माहितीपत्रकात लिहिलेली नाही, तिथे फक्त चित्रं आहेत आणि क्यूआर कोड.

आणि सगळ्यात जास्त डोकं उठवलं ते नेट देणाऱ्या कंपनीने. त्यांचा माणूस आला, माझा राउटर बघितला आणि म्हणाला, “दीदी, इसमें बाहर का राउटर नहीं चलता.” चालतो! फायबरच्या डब्याचा सीरियल नंबर त्यांच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो, म्हणून तो डबा आपल्या मनाने बदलता येत नाही, इथवर खरं. पण त्या डब्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नेट नुसतं पुढे सोडण्यावर, टाकून त्याच्या मागे आपला राउटर लावता येतो, फक्त कंपनीकडे लॉगिन करायचं, म्हणजे पीपीपीओईचं, युजरनेम-पासवर्ड आणि त्यांच्या लाइनचा व्हीलॅन नंबर लागतो, आणि नेमकं तेच द्यायचं नसतं. फोन केला की ‘रीस्टार्ट करके देखिए’. बरं, त्यांच्या डब्यातलं वायफाय मी बंद करून ठेवलं होतं, चॅनेल अडवून बसू नये म्हणून, तर काही दिवसांनी ते आपोआप चालू झालेलं. त्या डब्यांना कंपनी लांबून सेटिंग पाठवू शकते, टीआर-०६९ नावाची पद्धत आहे त्यासाठी, त्यामुळे आपण केलेला बदल टिकेलच असं नाही. माझ्या घरातली, माझ्या भाड्याच्या पैशातली वस्तू आणि तिच्यावर माझा हात नाही, हे मला पटत नाही, पटणार नाही.

यात दोन गोष्टी कामाच्या. एक, तोंडी बोलू नका, तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, घ्या आणि त्यावर काही झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करा, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांत ही दोन पायऱ्यांची सोय आहे आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. मला पासवर्ड मिळाला तो अपील टाकल्यावरच. दोन, तोपर्यंत अडून बसायची गरज नाही, आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडला टाका, त्याचा डीएचसीपी बंद होतो, पत्ते वाटायचं काम जुन्या डब्याकडेच राहतं आणि वायफाय तेवढं आपलं चालतं. माडीवरचा आमचा तसाच चालतो. दोन्हीकडे नाव-पासवर्ड एकच ठेवलं, २.४ ला एकाला १ नंबरचं चॅनेल दिलं, दुसऱ्याला ११ चं, आणि दोघांची ताकद मध्यमवर आणली, कारण फुल ताकदीवर ठेवलं की फोन माडीवर गेला तरी खालच्यालाच चिकटून बसतो.

हे सगळं झाल्यावरही आत्याचा क्लास मधूनच अडकायचा. स्पीड भरपूर, सिग्नल उत्तम, तरी. बघितलं तर दादाच्या दुकानातले कॅमेऱ्याचे व्हिडिओ आणि माझ्या फोनचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, बारा-पंधरा मिलिसेकंदांवरून एकदम तीनशे-चारशेवर. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरच्या आत थांबायची जागा इतकी मोठी ठेवलेली असते की मोठ्या अपलोडची पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, तिथे रांग लावतात आणि आत्याच्या आवाजाचं छोटंसं पाकीट त्या रांगेच्या शेवटी, इथल्या महाराज बाड्याच्या चौकात संध्याकाळी ट्रकांच्या मागे सायकलवाला अडकावा तसं. व्हिडिओ कॉलला खरं तर दोन-चार एमबीपीएस पुरतात, त्याला वेग नको असतो, वेळेवर पोचणं हवं असतं. यावर औषध २०१२ पासून आहे, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत काढली, तिच्यावरून एफक्यू-कोडेल, केक वगैरे आल्या, आणि त्या फुकट आहेत. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर टाकता येणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएम या नावाने मिळतात, काही राउटरमध्ये क्यूओएस नावाखाली काहीतरी असतं पण ते दरवेळी हेच असेल असं नाही. आपल्या अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली, साधारण नव्वद टक्क्यांवर ठेवायची म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि आपला राउटर छोट्या पाकिटांना पुढे सोडतो. मी ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर मुद्दाम शोधून घेतला तो एवढ्याचसाठी. एसक्यूएम लावल्यापासून फोटो चढत असतानाही पिंग पंचवीस-तीसच्या वर जात नाही. एवढी मोलाची गोष्ट आणि खोक्यावर तिचा उल्लेख नाही, तिथे सहा अँटेनांचं चित्र.

गाणं शिकवणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगायचंय, कारण याचं खापर पण नेटवरच फुटतं. तानपुरा मध्येच नाहीसा होतो, आवाज लांबवला की हळूहळू बारीक होत जातो, हे नेटमुळे नाही, मीटिंगच्या अ‍ॅपला सलग येणारा सूर म्हणजे पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो कापून टाकतं. झूममध्ये ओरिजिनल साउंड नावाची सोय आहे, ती चालू करायची, बाकीच्या अ‍ॅपमध्ये नॉइज सप्रेशन बंद करायचं. आत्याने पहिल्यांदा षड्ज लावून धरला आणि पलीकडून ती मुलगी म्हणाली, “ताई, आज तानपुरा ऐकू येतोय,” तेव्हा आत्या माझ्याकडे बघून नुसती हसली आणि पुढे गात राहिली.

ग्वाल्हेरला उन्हाळा आणि लाइट या दोन गोष्टी धरूनच चालावं लागतं. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात, तेव्हा बंद कपाटात, टीव्हीच्या मागे, पटियांखालच्या पोटमाळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात तिथे हात लावता येत नाही. दुपारी तीनला नेट मंद आणि रात्री ठीक असं होत असेल तर डबा गरम आहे का ते हाताने बघा. लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर जायच्या त्या एका क्षणात पण राउटर रीस्टार्ट होतो आणि पुन्हा लागायला दोन-तीन मिनिटं घेतो, क्लासच्या मध्ये ती दोन-तीन मिनिटं फार मोठी. त्यासाठी १२ व्होल्टचे छोटे डीसी यूपीएस मिळतात, ते घ्या, पण अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून. काही डबे ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले की गेले. आणि फायबरचा डबा, राउटर, माडीवरचा अ‍ॅक्सेस पॉइंट, तिघांनाही बॅकअप पाहिजे, एकाला दिला आणि दोघांना नाही तर उपयोग शून्य.

आमच्याकडे आता चौकापलीकडची खोली तेवढी राहिलीये, भाचे आले की तिथेच असतात. तिकडे झरोका नाही, उघड्या चौकातून वायर न्यायची तर बाहेर टिकणारी, ऊन-पाऊस सोसणारी वायर हवी आणि पाइपातून हवी, साधी वायर दोन उन्हाळ्यांत तडकते. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आत ते काम करून टाकायचंय. ग्वाल्हेरात कोणाला दगडाला हात न लावता नीट वायर टाकून देणारा माणूस माहीत असेल तर मला नक्की कळवा, मुरारचा असला तरी चालेल, येण्याजाण्याचं मी देईन.